घरी पैसे पाठवणारा फोन : एम-पेसाची वाटचाल

मुंबईच्या गिरणीतला पगार आणि कोकणातल्या घरची चूल यांच्यामध्ये एके काळी पोस्टमन उभा असे. त्याची वाट पाहणाऱ्या घरांना केनियाची ही गोष्ट सांगायला फार प्रस्तावना लागणार नाही. नैरोबीत रखवालदारी नाहीतर बांधकामावर मजुरी करणारा नवरा, आणि पश्चिम केनियातल्या गावात मक्याचं शेत सांभाळणारी बायको, म्हातारी आई. पोस्टाची सोय तिथेही होती, पण महाग आणि संथ. म्हणून पैसे पाकिटात घालून बसवाल्याच्या हाती द्यायचे, किंवा गावाकडे निघालेलं कुणी ओळखीचं गाठायचं. पाकीट कधी वाटेत हलकं व्हायचं, कधी पोचायचंच नाही. बँकेत बहुतेकांचं खातंच नव्हतं. साधा मोबाइल मात्र एव्हाना घरोघरी दिसू लागला होता.

या मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सफारीकॉम कंपनीने ६ मार्च २००७ रोजी सुरू केली. नाव एम-पेसा. ‘एम’ मोबाइलचा आणि ‘पेसा’ हा पैशासाठीचा स्वाहिली शब्द. तो आपल्याच ‘पैसा’वरून तिकडे गेला. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया हेच चलन होतं आणि मोंबासाहून निघालेला लोहमार्ग हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी बांधला होता. शब्द त्या काळातल्या व्यवहारांबरोबर तिथे रुजला.

सुरुवातीचा बेत निराळाच होता. सफारीकॉममध्ये भागीदार असलेल्या व्होडाफोनचे निक ह्यूज आणि सूझी लोनी यांना सूक्ष्म कर्जाचे हप्ते फोनवरून भरण्याची सोय करायची होती. ब्रिटन सरकारच्या विकास खात्याने त्यासाठी निधी दिला, आणि २००५ मध्ये फाउलू या पतसंस्थेच्या काहीशे कर्जदारांवर नैरोबी आणि थिका भागात प्रयोग सुरू झाला. हप्ते भरले गेले, पण लोकांनी त्या फोनचं आणखी बरंच काही केलं. प्रवासाला निघताना एका टोकाला पैसे जमा करून दुसऱ्या टोकाला काढून घेतले, म्हणजे वाटेत लुटले जायची भीती नाही. धंद्यातली देणी चुकवली. दूरच्या नातेवाइकांना फोनचा टॉकटाइम घेऊन पाठवला. कर्जदार-गटांच्या हिशेबांशी हे सगळं जुळवताना पतसंस्था मेटाकुटीला आली. तेव्हा हप्त्यांचा विचार मागे पडला आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच सांगत सेवा देशभर गेली. लोक काय करताहेत ते पाहून आपला आराखडा बाजूला ठेवणं, कंपनीचा हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिलं वर्ष सरायच्या आत ग्राहक दहा लाखांवर गेले.

हा सगळा डोलारा उभा राहिला तो कोपऱ्यावरच्या हिरव्या पाटीच्या दुकानांवर. दुकानदाराला ओळखपत्र दाखवून रोख द्यायची, की तेवढी शिल्लक आपल्या फोनवर येते. मग समोरच्याचा नंबर, रक्कम, गुप्त पिन, दोघांनाही एसएमएस. गावातली बाई आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख काढते. ऐकायला सोपं. पण महिन्याच्या पगारानंतर शहरातल्या दुकानात नोटांचा ढीग होतो आणि फोनवरची शिल्लक संपते. गावातल्या दुकानात शिल्लक भरपूर आणि गल्ला रिकामा. गल्ला रिकामा म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास गेला. नोटा इकडून तिकडे हलवत ठेवण्याचं, बँकेच्या खेपा घालण्याचं हे काम दुकानदार आणि त्यांचे घाऊक व्यापारी रोज करत राहिले. तंत्रज्ञानाचं कौतुक होतं, या खेपांचं होत नाही.

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर देश पेटला. हजाराहून अधिक माणसं मारली गेली. नैरोबीच्या वस्त्यांत अडकलेल्यांना नातेवाइकांनी एम-पेसावरून पैसे पाठवले, त्यावर माणसं तगली. त्याच फोनवरून जमातींविरुद्ध विष पेरणारे एसएमएसही फिरत होते. आणि हिंसा कुठे चालली आहे हे लोकांनीच कळवावं म्हणून ‘उशाहिदी’ हा नकाशाही त्याच दिवसांत जन्मला.

२००८ च्या अखेरीस बँकांनी एम-पेसाविरुद्ध तक्रार केली. अर्थ खात्याने तपासणीचा आदेश दिला. ग्राहकांचा पैसा न्यासाच्या खात्यात वेगळा ठेवला होता. सेवा सुरक्षित ठरली. अर्थतज्ज्ञ तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांचा एम-पेसावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं अतिदारिद्र्यातून वर आली, आणि १,८५,००० स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून छोट्या धंद्याकडे वळल्या, असा त्यांचा अंदाज होता. पिन आपल्याच डोक्यात असलेली शिल्लक बाईच्या हाती येते, तेव्हा घरात काय बदलतं हे आपल्या भिशीतल्या बायकांना विचारावं. केनियात भिशीला ‘चामा’ म्हणतात. तिचीही वर्गणी आता फोनवरून येते, तशीच लग्नाची, दवाखान्याची, अंत्यविधीचीही. एक गोष्ट मात्र इतर अभ्यासकांना गावातल्या बायकांनी सांगितली : पैसे आपोआप पोचू लागल्यावर नवरे गावी कमी येऊ लागले.

२०१२ मध्ये एम-पेसावरच ‘एम-श्वारी’ आली. बचत आणि छोटं कर्ज, फोनवरच. महिन्याच्या कर्जाला साडेसात टक्के आकार. पाठोपाठ इतर कंपन्यांची कर्ज देणारी ॲप्स आली आणि लाखो माणसांची नावं थकबाकीदारांच्या यादीत चढली, कित्येकांची तर शे-दोनशे शिलिंगांसाठी. हजार शिलिंगांखालच्या थकबाकीसाठी नाव चढवू नये, असं मध्यवर्ती बँकेला २०२० मध्ये सांगावं लागलं. इथे मला ही वाटचाल खटकते. आपलाच पैसा सुखरूप पोचवणारी सेवा आणि पुढच्या आठवड्याची कमाई आजच उचलून देणारी सेवा एकाच हिरव्या रंगात समोर येते, आणि घाईत असलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटतात.

जानेवारी २०१९ मध्ये एम-पेसावरच ‘फुलिझा’ सुरू झाली. शिल्लक कमी पडली तर कमी पडलेली रक्कम तिथल्या तिथे उसनी मिळते. विकत घेतलेलं पीठ, बसचं भाडं, काहीही अडत नाही. उसनवारी फेडायला कुठे जावंही लागत नाही. खात्यावर पुढचे पैसे आले की आधी ती वळती होते. नैरोबीतून मुलाने पाठवलेले पैसेही आईच्या फोनवर ती उसनवारी कापूनच उरतात.