ज्येष्ठांमधील सेप्सिस

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य बिघडण्याच्या जीवघेण्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत अवयवांचा बिघाड हाच सेप्सिसचा निकष ठरल्याने ‘तीव्र सेप्सिस’ हा स्वतंत्र प्रकार वगळण्यात आला. तथापि ही संज्ञा अद्याप प्रचारात आहे. वृद्धापकाळी या विकाराची लक्षणे अस्पष्ट असल्याने निदानास विलंब होण्याचा धोका अधिक असतो.

कारणे

न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, पित्ताशय व आतड्यांचे विकार, शय्याव्रण आणि मधुमेही व्यक्तींच्या पायांच्या जखमा ही प्रमुख कारणे होत. वयोमानाने घटलेली प्रतिकारशक्ती, मूत्रपिंडाचे जुने विकार आणि दीर्घकाळ ठेवलेली लघवीची नळी यांमुळे धोका वाढतो.

लक्षणे

वृद्धांमध्ये ताप न येता शरीराचे तापमान उतरूही शकते. अचानक उद्भवलेला संभ्रम, असंबद्ध बोलणे, सुस्ती, अन्न नकोसे होणे, तोल जाऊन पडणे किंवा लघवी कमी होणे हीच प्रारंभिक लक्षणे असू शकतात. श्वसनाचा वेग मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक असणे आणि वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली जाणे ही धोक्याची चिन्हे मानली जातात. मात्र एरवी उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीस ११० हा रक्तदाबही अपुरा ठरू शकतो. बीटा-ब्लॉकर औषधांमुळे नाडीचा वाढलेला वेग झाकला जातो.

उपचार

२०२१ च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तातील लॅक्टेट मोजले जाते व ब्लड कल्चरसाठी नमुना घेतला जातो, मात्र त्यासाठी उपचार लांबवले जात नाहीत. सेप्टिक शॉक असल्यास किंवा सेप्सिसची दाट शक्यता असल्यास एका तासाच्या आत प्रतिजैविके शिरेतून दिली जातात. रक्तपुरवठा अपुरा असल्यास पहिल्या तीन तासांत किमान ३० मिलिलिटर प्रतिकिलो सलाइन सुचवले आहे. ५० किलोच्या रुग्णासाठी हे प्रमाण १,५०० मिलिलिटर होते. हृदय अथवा मूत्रपिंड दुर्बल असल्यास फुप्फुसांत पाणी साचू नये म्हणून वारंवार तपासणी आवश्यक असते. सलाइननंतरही रक्तदाब सावरला नाही, तर नॉरएड्रेनलिन देऊन सरासरी रक्तदाब ६५ वर राखतात. पू काढणे, मूत्रमार्गातील अडथळा दूर करणे अथवा संसर्गित नळी बदलणे हाही उपचाराचा आवश्यक भाग होय.

खानदेशातील संदर्भ

धुळे व जळगाव जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. अशा वेळी वृद्धास आलेली ग्लानी ‘ऊन लागले’ असे समजून दुर्लक्षिली जाऊ शकते. उष्माघात आणि सेप्सिस या दोहोंतही संभ्रम व ताप आढळत असल्याने केवळ लक्षणांवरून फरक करणे कठीण असते. दोन्हींना तातडीच्या उपचारांची गरज असते. धुळे शहरात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न रुग्णालय आहे. शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची गावे आणि साक्री तालुक्याचा डोंगराळ भाग येथून रुग्णास शहरात आणण्यास वेळ लागत असल्याने लक्षणे लवकर ओळखण्याचे महत्त्व वाढते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका उपलब्ध आहे.

प्रतिबंध

इन्फ्लुएन्झा व न्यूमोकोकल लसीकरण, रक्तातील साखरेवर नियंत्रण, पायांची नियमित तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी बदलणे यांमुळे धोका कमी होतो. बरे झाल्यानंतरही अशक्तपणा व विस्मरण काही महिने टिकू शकते. दरवर्षी १३ सप्टेंबर हा दिवस जागतिक सेप्सिस दिन म्हणून पाळला जातो.