प्रकाशश्वसन घटवण्यासाठी वनस्पतिप्रजनन

प्रकाशश्वसनातील कार्बनाचा तोटा कमी करून पिकांचे प्रकाशसंश्लेषण वाढवण्यासाठी केलेली निवड, संकर व उत्परिवर्तन यांना उद्देशून ही संज्ञा वापरतात. प्रस्तुत नोंदीत भर 1965 ते 1980 या काळातील प्रयोगांवर आहे.

प्रक्रिया : गहू, भात, सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस ही सी-3 गटातील पिके. त्यांच्या पानांत रुबिस्को हे एंझाइम हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडते. पण त्याच क्रियास्थळी ऑक्सिजनही शिरकाव करतो. 25° से. तापमानाला साधारण चारांतील एक पकड ऑक्सिजनची असते आणि उष्म्यात हे प्रमाण वाढते. ऑक्सिजन पकडला गेला की फॉस्फोग्लायकोलेट तयार होते. हरितकणू, पेरॉक्सिसोम व तंतुकणिका या तिन्ही ठिकाणी त्यावर प्रक्रिया होऊन तीन-चतुर्थांश कार्बन परत मिळतो. उरलेला कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने निसटतो (हेच प्रकाशश्वसन), शिवाय मोकळा झालेला अमोनिया पुन्हा बांधण्यात ऊर्जा खर्च होते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही सी-4 पिके कार्बन डाय-ऑक्साइड आधी चार कार्बनांच्या आम्लात बांधतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत त्याची दाटी करतात, म्हणून त्यांच्यात हा तोटा फार थोडा होतो.

पूर्वपीठिका : ऑक्सिजनमुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते हे ओटो वारबुर्ग यांनी 1920 मध्ये नोंदवले. उसातील वेगळ्या मार्गाची माहिती हवाईतील कोर्टशाक, हार्ट व बर यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी पुढच्याच वर्षी त्याची उकल केली. रुबिस्कोचे दुहेरी वर्तन 1971 मध्ये इलिनॉय येथे बोव्ज, ऑग्रेन व हेगमन यांनी दाखवले.

बंद पेटीतील निवड : या विषयातील सर्वांत कल्पक प्रयोग हाच मानावा लागेल. हवाबंद पारदर्शक पेटीत सी-3 पिकाची, उदा. सोयाबीनची, रोपे मक्याच्या रोपांसोबत प्रकाशात ठेवायची. सी-3 रोपाचे कार्बन डाय-ऑक्साइड घेणे व सोडणे दशलक्ष भागांत सुमारे 50 भाग या पातळीवर समसमान होते. मका त्याच्याही बराच खालपर्यंत वायू शोषत राहतो. त्यामुळे पेटीतील हवा सोयाबीनला पुरेनाशी होते, त्याने श्वसनातून सोडलेला कार्बनही मका उचलतो, आणि काही दिवसांत सोयाबीन पिवळे पडून मरते. एखादे रोप तगलेच, तर ते कमी प्रकाशश्वसनाचे असणार, असा तर्क होता. हजारो रोपे एका वेळी पारखता येतील अशी ही चाळणी. प्रत्येक पानावर मोजमाप करण्याची गरजच उरत नव्हती. मिनेसोटा विद्यापीठात मॉस, मेंझ, कॅनेल व सहकाऱ्यांनी, तर इलिनॉयमध्ये विडहोम व ऑग्रेन यांनी या दिशेने केलेले काम 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. सोयाबीनच्या संग्रहात हवे तसे रोप सापडले नाही. हा नकारात्मक निष्कर्ष प्रजननकारांना मोलाचा आहे. जो गुण पिकाच्या जनुकसंपदेत नाही, तो निवडीने वर येत नाही.

कनेटिकट येथील इस्रायल झेलिच यांनी तंबाखूत कमी प्रकाशश्वसनाच्या ओळी निवडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या निष्कर्षांबाबत मतभेद आहेत.

सी-3 व सी-4 संकर : स्टॅनफर्ड येथील कार्नेगी संस्थेत ब्यर्कमन, नॉब्ज व सहकाऱ्यांनी चाकवताच्या कुळातील ॲट्रिप्लेक्स प्रजातीत एक सी-3 व एक सी-4 जाती यांचा संकर केला. पहिल्या पिढीची रचना मधली निघाली. दुसऱ्या पिढीत शिरांभोवतीच्या पेशींची ठेवण आणि एंझाइमांचे प्रमाण ही लक्षणे एकमेकांपासून सुटी होऊन वाटली गेली. एखाद्या झाडात रचना बरी तर एंझाइम अपुरे, दुसऱ्यात उलट. सगळे अंग जुळून सी-4 मार्ग नीट चालावा असे झाड मिळाले नाही. संकरांच्या रंगसूत्रांची जुळणीही बिघडलेली असल्याने पुढच्या पिढ्या वाढवणे अवघड गेले.

उत्परिवर्ती : सॉमरव्हिल व ऑग्रेन यांनी 1979 मध्ये ॲराबिडॉप्सिसमधील असे उत्परिवर्ती वर्णिले, की ज्यांत प्रकाशश्वसनाचा मार्ग तुटलेला होता. 1 टक्का कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या हवेत ती झाडे निरोगी वाढत. साध्या हवेत आणली की त्यांचे प्रकाशसंश्लेषणच कोलमडे. ऑक्सिजन पकडला जाणे थांबत नसेल, तर पुढचा मार्ग बंद करणे झाडाला मारक ठरते. एंझाइमाचा एक टप्पा अडवला की उत्पादन वाढेल, ही आशा यानंतर टिकली नाही.

मध्यवर्ती जाती : सी-3 व सी-4 यांच्या मधल्या जाती म्हणजे पॅनिकम मिलिऑयडिस, मोहरीच्या कुळातील मोरिकँडिया आर्व्हेन्सिस, फ्लेव्हेरियाच्या काही जाती. तिरुपती येथे व्ही. एस. रामदास यांच्या गटाने अल्टरनँथेरामधील अशा जाती 1986 मध्ये नोंदवल्या. मोरिकँडियाचा मोहरीवर्गीय पिकांशी संकर झाला. भारतात त्यातून मोहरीत नरवंध्यत्वाचा उपयुक्त स्रोत मिळाला.

प्रकाशसंश्लेषणाचा दर व उत्पादन : इव्हान्स व डनस्टन यांना 1970 मध्ये असे आढळले, की रानटी गव्हांचा पानाच्या एकक क्षेत्रफळामागील दर आधुनिक वाणांपेक्षा जास्त असतो, लागवडीखाली पाने मोठी झाली, दर मात्र उतरला. यावरून दराची निवड निरुपयोगी, असे बरेच दिवस मानले गेले. तो निष्कर्ष घाईचा होता. वायव्य मेक्सिकोत 1962 ते 1988 या काळात प्रसृत झालेल्या आठ गहू वाणांची फिशर व सहकाऱ्यांनी तुलना केली (1998). उत्पादन 27 टक्के वाढले, त्याबरोबर पर्णरंध्रांची वाहकता 63 टक्के व कमाल प्रकाशसंश्लेषण 23 टक्के वाढले, आणि पिकाचा पर्णसंभार 0.6° से. थंड राहिला. प्रजननकारांनी पाहिले होते ते दाणे. पान मागोमाग सुधारले. जपानी भातवाण ताकानारी याच्या संकरांतून 2013 मध्ये एनएएल-1 जनुकाचे असे रूप ओळखले गेले, की जे पान जाड करून दर वाढवते. त्याचा उत्पादनावरील परिणाम वाणानुसार बदलतो असे दिसते.

जनुक-रोपण : केबीश व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ॲराबिडॉप्सिसच्या हरितकणूत प्रकाशश्वसनाच्या मार्गाला पर्यायी असा जिवाणूंचा मार्ग बसवला. इलिनॉयमध्ये शेतात वाढवलेल्या तंबाखूचा जैवभार अशाच उपायाने 40 टक्क्यांपर्यंत वाढला (2019). फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भात सी-4 करण्याचा प्रकल्प सुरू झाला.