बारा तारखेच्या आत

परळच्या एसटी आगारात तुम्ही उभे आहात. ११ ऑगस्ट २०२०, मंगळवार, गोकुळाष्टमी. रात्रीचे आठ वाजलेत. एरवी या रात्री आजूबाजूच्या गल्ल्यांतून उद्याच्या हंडीची लगबग असते. यंदा कोरोनामुळे हंडी नाही. आगाराच्या पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा आहे. सहा दिवसांपूर्वीच्या वादळात मोडलेल्या फांद्या अजून फुटपाथच्या कडेला पडून आहेत.

खिशात हात घाला. सॅनिटायझरची छोटी बाटली लागेल, आणि चार घड्या घातलेला एक कागद. त्यावर बावीस नावं आहेत, सगळी एकाच गावची. एका गाडीत बावीसच माणसं बसायची, एका बाकावर एक. गावकऱ्यांनी मिळून गाडी घेतली की ई-पासची गरज नाही, असं सरकारने ४ तारखेला जाहीर केलं आणि ६ तारखेपासून गाड्या सुटू लागल्या. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला मात्र पास लागतो. तुमच्या चाळीतलं एक कुटुंब आठवडाभर मोबाईलवर अर्ज भरतंय. आजोबांचा आधार क्रमांक आणि फिटनेसचा दाखला पुन्हा पुन्हा चढवतंय.

डबा घरूनच आणलाय. चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी. वाटेत कुठे उतरायचं नाही.

कागदावरच्या तारखेकडे पुन्हा बघा. बारा तारखेच्या आत सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोचायचं. त्यानंतर निघणाऱ्याला ४८ तास आधी चाचणी करून घ्यायची आहे, आणि ती निगेटिव्ह हवी. बारा अधिक विलगीकरणाचे दहा, बावीस, आणि बावीसला गणेश चतुर्थी. हिशोब सरळ आहे. गेल्या महिन्यात तो असा नव्हता. तेव्हा विलगीकरण चौदा दिवसांचं होतं आणि सिंधुदुर्गात सात तारखेच्या आत पोचायची बोली चालली होती. तिच्यावरून केवढा गदारोळ झाला! चौदाचे दहा झाले. हे चार दिवस कागदावर किरकोळ दिसतात. गाडीत तुमच्या पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाला विचारा. मार्चपासून त्याचा पगार अर्धा येतोय. दहा दिवस बसणं, पाच दिवसांचा गणपती आणि परतीचा एक, म्हणजे सोळा दिवस बिनपगारी. चौदाचा नियम राहिला असता तर तो या गाडीत नसता. नियम करणाऱ्यांनी विषाणूचे दिवस मोजले, रजेचे कुणी मोजले नाहीत. मला आजही वाटतं की दोन्ही एकाच टेबलावर मोजायला हवे होते.

गाडी सुटते. तुम्ही आजचे आहात, या बावीस जणांना ठाऊक नसलेलं तुम्हाला ठाऊक आहे. मागून कुणीतरी विचारतं, लस कधी येईल? पुढच्या १६ जानेवारीला लसीकरण सुरू होईल, हे तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरचा एप्रिल कसा असेल, तेही. पण इथे तुमचं तोंड मास्कच्या आत मिटलेलं आहे.

पनवेल, पेण, वडखळ. माणगावच्या आसपास गाडीच्या दिव्यांत घरांवरच्या ताडपत्र्या चमकतात. ३ जूनचं निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यातून गेलं होतं. महाडला सावित्रीचा पूल येतो तेव्हा गाडीतली बोलणी आपोआप थांबतात. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री जुना पूल वाहून गेला, त्याच्यासोबत दोन एसटी गाड्याही गेल्या. कोकणच्या प्रवाशाला या जागी अजून हात जोडावेसे वाटतात.

पोलादपूर सोडलं की कशेडी. आज इथे बोगदा आहे. त्या रात्री घाटच चढावा लागतो. घाटात खासगी गाड्यांची रांग आहे. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द इथे सुरू होते. राज्य एकच आहे, भाषा एकच आहे, आणि तरी पोलीस टॉर्च मारून विचारतो, कुठून आलात, कुठे जाणार. रांगेतल्या एका गाडीत बाई मांडीवरच्या पोराला वारा घालते आहे. तिच्या नवऱ्याने पासची छापील प्रत काढलेली नाही आणि मोबाईलला रेंज नाही. तो काचेबाहेर हात काढून मोबाईल वर धरतोय. तुम्ही त्याच्याकडे बघत बघत पुढे जाता.

उजाडताना खारेपाटण. आता सिंधुदुर्ग. ताडपत्रीखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर दगड ठेवलेला, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. थर्मल गन कपाळावर येते. नाव, गाव, वाडी, मुंबईचा पत्ता. मग डावा हात पुढे करा. मतदानाची शाई लावतात तसाच एक थंड स्पर्श, आणि मनगटाच्या वर शिक्का: २२ ऑगस्टपर्यंत. हे शिक्के राज्यात मार्चपासून, परदेशातून आलेल्यांपासून सुरू झाले. तुम्ही परदेशातून आलेला नाहीत, आपल्या आईच्या गावाला चाललात. शाई वाळेपर्यंत बाही वर धरून उभं राहावं लागतं. बावीस माणसं तशीच, हात पुढे करून उभी.

गाव तुमच्यावर रागावलेलं नाही, घाबरलेलं आहे, हे समजून घ्या. घराघरांत राहिलीत ती साठी-सत्तरीची माणसं. जिल्ह्यात डॉक्टर थोडे, व्हेंटिलेटर मोजके. साथीच्या सुरुवातीला इथले घशातले नमुने तपासायला मिरजेला जात, आणि अहवाल येईपर्यंत माणूस आणि त्याचं कुटुंब श्वास धरून बसे. मोठं दुखणं आलं की दक्षिणेकडच्या तालुक्यांनी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाकडे बघायचं, ही पिढ्यांची सवय. तर त्या वाटेवर पत्रादेवीला गोव्याची हद्द, आणि तिथेही चाचणी नाहीतर विलगीकरण. अशा ठिकाणी वेशीवर बांबू आडवा बांधला, तर त्यात दुष्टावा नसतो.

प्राथमिक शाळेच्या वळचणीला सरपंच उभ्या आहेत, अंगणवाडीच्या बाई आहेत. "हय सही करा," सरपंच पेन लांब धरून म्हणतात. ज्यांचं रिकामं घर आहे ते घरात, बाकीचे शाळेत. तुम्ही शाळेत. वर्गात बाकडी भिंतीला लावलेली, फळ्यावर मार्चमधली तारीख अजून तशीच. दारावर चिकटवलेल्या आदेशात वरच्याच ओळीला साथरोग अधिनियम १८९७ असं लिहिलंय.

हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईत प्लेग पसरला, लोक शहर सोडून गावाकडे धावू लागले, तेव्हा केलेला. तेव्हा रेल्वे स्टेशनांवर डॉक्टर उतारूंच्या काखा आणि जांघा चाचपत होते, गाठ आहे का बघायला. तेव्हाही गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरीची माणसं फार होती. तुमच्या पणजोबांच्या वेळचा कायदा शाळेच्या दारावर टाचलेला बघताना हातावरची शाई जरा जड होते.

दुपारी आई येते. कुंपणाच्या अलीकडे नाही, पलीकडे. दगडावर डबा ठेवते आणि दहा पावलं मागे सरते.

"इलंस?"

"इलंय."

"लांबच रव. पाऊस इलो तर खिडकी लाव."

एवढंच. ती गेल्यावर तुम्ही डबा उचलता. फडक्याच्या गाठीला तिच्या हाताची ऊब असेल असं वाटतं. नसते.

दिवस सारखेच जातात. सकाळी आशाताई बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहून घेते. ती रोज अशी कितीतरी घरं पायी करते, अंगावर साधा रेनकोट, आणि तिच्या स्वतःच्या घरात म्हातारी सासू आहे. या सगळ्या व्यवस्थेचा भार शेवटी जिच्या खांद्यावर आला ती ही बाई. मंत्रालयातल्या पत्रकार परिषदेत तिचा उल्लेख व्हायचा, मानधनाचा प्रश्न मात्र मागेच राहायचा.

१५ ऑगस्टला अंगणात झेंडा चढतो. मुलं नाहीत, पाच-सात माणसं, अंतर राखून. तुम्ही वर्गाच्या खिडकीत उभे राहून राष्ट्रगीत म्हणता. खालच्या मळ्यात भात कमरेला लागू लागलंय. कुणाच्या तरी पडवीत गणपतीची माती मळण्याचा थपथप आवाज येतो. घरगुती मूर्ती यंदा दोन फुटांपर्यंतच.

"अजून किती दिस रवले?" आई कुंपणाबाहेरून विचारते.

"सात."

मग पाच. मग तीन. २० तारखेला मोबाईलवर बातमी येते, एसटी आजपासून जिल्ह्याबाहेर सुटणार, पास नको. वर्गात कुणी काही बोलत नाही. ज्यांनी इतके दिवस बसून काढले त्यांच्यातला एक जण भिंतीकडे तोंड करून झोपतो. मुंबईतले त्याचे दोन भाऊ रजा नाही म्हणून आलेच नव्हते.

२१ ला हरतालिका. संध्याकाळी दहावा दिवस भरतो, सरपंच रजिस्टर घेऊन येतात, नावापुढे बरोबरची खूण करतात. तुम्ही पिशवी उचलता. घरी गणपतीवरच्या माटवीला कवंडळं, हरणाची फुलं आणि शेरवडं बांधायची बाकी ठेवलीत, तुमच्यासाठीच. उंबरठ्यावर आई पायावर पाणी घालते. दहा पावलांचं अंतर आता नाही, तरी दोघंही क्षणभर तिथेच थांबता, सवय झालेली असते.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती पाटावर ठेवताना बाही मागे सरते. शिक्क्यावरची तारीख अजून वाचता येते, आजचीच. त्याच दिवशी दिल्लीहून केंद्रीय गृहसचिवांचं पत्र निघतं: राज्यांनी माणसांच्या आणि मालाच्या जाण्यायेण्यावर बंधनं घालू नयेत. कोकणातल्या घरांत तेव्हा आरती चाललेली असते. भजनी मंडळ वाडीभर फिरत नाही, घरच्या चार माणसांनीच टाळ धरलेत. आईचा आवाज मास्कमधून जरा दबलेला.

गौरीबरोबर गणपती पाण्यात जातात. अनंत चतुर्दशी १ सप्टेंबरला, आणि २ सप्टेंबरपासून राज्यात ई-पासही रद्द. परतीच्या गाडीत खारेपाटण येतं तेव्हा तुम्ही सवयीने डावी बाही वर करता. तिथे कुणी हात मागत नाही. गाडी थांबतही नाही. मांडीवर आईने दिलेला डबा आहे, खापरोळ्यांचा. या खेपेला तो तिने थेट तुमच्या हातात दिला होता.