अल्फाग्राम
अल्फाग्राम म्हणजे एखाद्या शब्दातील अक्षरे वर्णानुक्रमाने लावून मिळणारी मांडणी होय. दिलेल्या अक्षरांपासून बनणारे इंग्लिश शब्द शोधण्यासाठी, विशेषतः स्क्रॅबल या खेळाच्या सरावात, तिचा उपयोग होतो. लिसन, सायलेंट, एनलिस्ट आणि टिन्सेल या शब्दांचे उच्चार भिन्न असले, तरी त्यांचा अल्फाग्राम ई-आय-एल-एन-एस-टी हा एकच आहे. शब्दसूचीतील प्रत्येक शब्दाचा अल्फाग्राम आधीच काढून ठेवल्यास, या सहा अक्षरांच्या ७२० मांडण्या तपासाव्या लागत नाहीत. एकाच नोंदीखाली सर्व शब्द सापडतात. मात्र दिलेल्या अक्षरांसोबत इतर अक्षरेही असलेले शब्द या पद्धतीने थेट मिळत नाहीत. त्यांसाठी प्रत्येक शब्दात आवश्यक अक्षरे पुरेशा वेळा आली आहेत का, हे मोजून पाहावे लागते.