१९५० ची काँग्रेस-अध्यक्षपदाची निवडणूक व देवांची २०२ मते

ऑगस्ट १९५० मधील काँग्रेस-अध्यक्षपदाच्या तिरंगी निवडणुकीत पुरुषोत्तमदास टंडन यांस १३०६, आचार्य कृपलानी यांस १०९२ व शंकरराव देव यांस २०२ मते पडली. टंडनांच्या पाठीशी सरदार पटेल होते. नेहरूंचा कल कृपलानींकडे होता. महाराष्ट्राच्या देवांनी मते फोडली म्हणून कृपलानी पडले, हा तर्क सहज सुचणारा खरा, पण आकड्यांपुढे तो टिकत नाही. पहिल्या दोघांतील अंतर २१४ मतांचे. देवांची सर्वच्या सर्व मते कृपलानींकडे वळली असती, तरीही टंडन १२ मतांनी निवडून आले असते. देव उभेच नसते तर प्रचाराचा रंग पालटला असता काय, हा प्रश्न निराळा. त्याचे उत्तर मतमोजणीत सापडावयाचे नाही.

मतदार कोण होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत सामान्य मतदार मत देतो. १९५२ साली मिनेसोटात आयझेनहॉवर यांचे नाव छापील मतपत्रिकेवर नसताना लाखाहून अधिक मतदारांनी ते स्वहस्ते लिहिले. इकडे मताधिकार प्रतिनिधींपुरताच होता. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या केजमधील साध्या काँग्रेस-सभासदास अध्यक्ष निवडण्याचा थेट अधिकार नव्हता. सप्टेंबरात नाशिकच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान टंडनांनी भूषविले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला व ते पद नेहरूंकडे गेले.