माचू पिचू : उतारावरचे अंगण आणि पाण्याची वाट

१/ तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात कोकणातील आमच्या घरामागची संरक्षक भिंत कोसळली. उतारावर भराव घालून वडिलांनी निवृत्तीनंतर तेथे अंगण करून घेतले होते. वर सुरेख फरशी, कडेला सिमेंटमध्ये बांधलेली चिऱ्यांची भिंत. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला पोट आले आणि एका रात्री निम्मे अंगण घेऊन ती खाली गेली. #इतिहास #धागा

२/ तो ढिगारा पाहताना मला पेरूमधील माचू पिचू आठवले. इंका सम्राट पाचाकुती याच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्यास, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४३० मीटर उंचीवरील एका अरुंद डोंगरधारेवर हे नगर वसवले गेले. तीव्र उतार, भेगाळलेला ग्रॅनाइट, भूकंपाचा प्रदेश आणि वर्षाला जवळजवळ २,००० मिलिमीटर पाऊस. मुंबईहून थोडाच कमी!

३/ बांधणाऱ्यांपाशी लोखंडी अवजारे नव्हती, सिमेंट तर नव्हतेच. सोळाव्या शतकात वस्ती उठली. १९११ साली हायरम बिंगहॅम तेथे पोहोचला तेव्हा सर्वत्र रान माजले होते. मात्र काही पायऱ्यांवर स्थानिक कुटुंबे पिके घेत होती. शतकानुशतके डागडुजी नसताना बहुसंख्य भिंती उभ्या राहिल्या. असे का घडले?

४/ त्याआधी आमची भिंत का पडली ते पाहू. भरावाची माती भिंतीला रेटतेच. पण खरा घात मागे साचलेले पाणी करते. दोन मीटर उंच भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच जोर सुमारे दोन टन होतो. उंची दुप्पट केली की हा जोर चौपट होतो. भिंत जाड करून ही शर्यत जिंकता येत नाही.

५/ इंका स्थापतींनी ती शर्यत लावलीच नाही. अमेरिकी अभियंते केनेथ राइट आणि पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेडो वालेन्सिया सेगार्रा यांच्या संशोधनातून या पायऱ्यांचे पोट उलगडले. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड व खडी, मग रेताड थर आणि सर्वांत वर पिकाची माती. पाऊस वरून झिरपतो, खडीत उतरतो आणि वाट काढून निघून जातो. भिंतीही किंचित डोंगराकडे कललेल्या आहेत.

६/ आमच्या अंगणाशी सर्वांत जवळचे नाते नगराच्या मधल्या चौकाचे आहे. वरून पाहावे तर नुसते हिरवे मैदान. त्याखाली मात्र दगड घडवताना उडालेल्या कपच्यांचा जाड थर आहे. पाथरवटांचा सारा टाकाऊ माल त्यांनी निचऱ्याच्या कामी लावला.

७/ पृष्ठभागावरच्या पाण्याचीही तजवीज होती. नगरात सुमारे १३० निचरामुखे नोंदली गेली आहेत. ती भिंत रचतानाच ठेवलेली आहेत, मागाहून फोडलेली नाहीत. शेतीचा भाग आणि वस्तीचा भाग यांच्यामधून उताराने जाणारा मुख्य नाला हे पाणी खाली नेतो.

८/ राइट यांचा अंदाज असा की, माचू पिचूच्या बांधकामापैकी सुमारे ६० टक्के जमिनीखाली आहे. आपण ज्याची छायाचित्रे काढतो तो उरलेला भाग!

९/ येथे एक सावधगिरी हवी. इंका राज्यात कर श्रमरूपाने घेतला जाई. त्या पद्धतीला ‘मिता’ म्हणत. न दिसणाऱ्या कामावर एवढे मनुष्यबळ खर्चणे राज्यसत्तेला शक्य होते. आपल्याकडे खडी ब्रासवर विकत घ्यावी लागते आणि काटकसर नेमकी तेथेच होते. फरशी पाहुण्यांना दिसते, तिच्याखालची खडी कोणाला दिसते?

१०/ आमच्या भरावात पाया खणताना निघालेली लाल माती होती. भिंतीत पाणी निघायला एकही भोक नव्हते. गवंड्याने भिंत भक्कम बांधली आणि तोच भक्कमपणा भोवला. तेथून वीस पावलांवर आजोबांनी रचलेला गडगा मात्र त्याच पावसात जागच्या जागी होता. सिमेंटचा कण नाही. दोन दगडांच्या फटींतून पाणी वाहत होते.

११/ नवी भिंत आम्ही उलट्या क्रमाने बांधली. आधी पाण्याची वाट, मग भिंत. मागे फूटभर रुंदीची खडी, तळाशी छिद्रांचा पाइप, भिंतीत ठिकठिकाणी भोके. फरशीला घरापासून दूर उतार, दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर. फरशी सरकू नये म्हणून कडेला चिऱ्यांची रांग, तिच्या आत उथळ गटार. ते भिंतीच्या टोकापलीकडे व्हाळात सोडले. फरशी यंदा परवडली नाही. तूर्त मुरूमच आहे.

१२/ पहिल्या मोठ्या सरीला वडील छत्री घेऊन खाली उतरले आणि कोणकोणत्या भोकातून पाणी येते ते मोजत राहिले. सर्व भोके वाहत होती. त्या रात्री ते झोपले.

आपल्या गावी जुना गडगा किंवा मजगीचा दगडी बांध असेल, तर या पावसात त्याचे पाणी कोठून निघते ते पाहा आणि छायाचित्र येथे टाका. धागा समाप्त.