अभिसंधानाचे दोन प्रकार : एका भेदाचा इतिहास

अन्न दिसताच कुत्र्याच्या तोंडाला सुटणारे पाणी आणि पेटीचा अडसर सरकविणारा मांजराचा पंजा, या दोन गोष्टी एकाच नियमाने घडतात की दोन, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत एका परिच्छेदात निकालात निघतो. वस्तुतः त्याची नीट मांडणी होण्यासच सुमारे चाळीस वर्षे लागली.

इव्हान पाव्हलॉव्ह हा मूळचा पचनक्रियेचा अभ्यासक. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळाले तेही पचनावरील संशोधनाबद्दल. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच कुत्र्याची लाळ पाझरू लागते, ही त्याच्या प्रयोगांतील एक अडचण होती. तिलाच त्याने पुढे अभ्यासाचा विषय केले. अशा प्रतिक्षेपास त्याने दिलेले रशियन विशेषण ‘उस्लोव्नी’, म्हणजे सोपाधिक, अटीवर अवलंबून असलेले. इंग्रजीत ते ‘कंडिशन्ड’ झाले आणि अट मागे पडून घडविल्याचा भाव तेवढा उरला. मराठीतील ‘अभिसंधान’ हा शब्द जोडणी सुचवितो. त्या दृष्टीने तो इंग्रजी शब्दापेक्षा सरस म्हणावा लागेल.

इकडे अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ मध्ये भुकेल्या मांजरांना पेट्यांत कोंडून, बाहेर पडण्यास त्यांना लागणारा वेळ मोजला. धडपडीत एखादी हालचाल लागू पडे, दार उघडे, आणि खेपेगणिक तो वेळ कमी होत जाई. ज्या कृतीमागोमाग समाधान येते ती दृढ होते, हा त्याचा परिणामाचा नियम. दोन्ही संशोधने दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली. त्यांतील भेद कोणता, हे विचारण्याची फारशी निकड कोणास भासली नाही.

तो प्रश्न उभा केला वॉर्सा येथील येझी कोनोर्स्की व स्टेफान मिलर या दोन तरुणांनी. १९२८ मध्ये त्यांनी असे दाखविले की, विशिष्ट खूण होताच कुत्र्याचा पाय हाताने उचलून मग त्यास अन्न दिल्यास, काही काळाने कुत्रा ती खूण होताच आपणहून पाय उचलतो. लाळ ही अन्नाचीच स्वाभाविक प्रतिक्रिया. पाय उचलणे तशी नव्हे. म्हणून हा दुसरा प्रकार होय, असे त्यांचे म्हणणे. कोनोर्स्की पुढे पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत काम करून आला. तथापि हा प्रकार स्वतंत्र मानण्यास पाव्हलॉव्ह राजी झाला नाही.

१९३५ मध्ये बी. एफ. स्किनर यानेही दोन प्रकार मांडले. त्यावर पोलिश संशोधकांनी आक्षेप घेतले, आणि १९३७ मधील उत्तरात स्किनरने ‘ऑपरंट’ ही संज्ञा योजिली. परिसरावर क्रिया करणारे ते वर्तन साधक. उद्दीपकाने ओढून काढलेले ते त्याहून वेगळे. ग्रंथींचे स्रवण पहिल्या प्रकारात व स्नायूंची हालचाल दुसऱ्या प्रकारात, अशी सोयीची वाटणीही याच सुमारास रूढ झाली.

मराठी वाक्यरचनेतही अशी वाटणी दिसते. तोंडाला पाणी ‘सुटते’, अंगावर काटा ‘येतो’, छातीत धस्स ‘होते’. तेथे माणूस कर्ता नसतो. दार मात्र तो ‘उघडतो’. परंतु ‘मुलाला रडू आले’ आणि ‘मूल रडले’ या दोन वाक्यांतील अश्रू सारखेच दिसतात. सुई पाहून रडू येणारे मूल आणि खाऊसाठी रडणारे मूल यांत फरक करण्यास केवळ डोळे पुरत नाहीत. तो करणे तर अगत्याचे आहे. कारण हट्टाच्या रडण्याकडे दुर्लक्ष केल्यास ते हळूहळू ओसरते, भीतीचे रडणे तेवढ्याने ओसरेल अशी अपेक्षा करणे मुलावर अन्याय करणे होय.

याची कसोटी सापडली ती कृतीचा परिणाम उलटा करून पाहण्यात. १९६५ मध्ये शेफील्ड याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खुणेनंतर लाळ गाळली तर कुत्र्याला त्या खेपेचे अन्न मिळत नसे. तोटा होऊनही कुत्र्यांची लाळ थांबली नाही. लाळेचे हे असे होणार, असे कोणी म्हणेल; परंतु १९६८ मध्ये ब्राउन व जेन्किन्स यांना आढळले की, दिवा लागून आठ सेकंदांनी दाणे मिळत गेले तर कबुतर त्या दिव्याच्या तबकडीवर चोच मारू लागते, जरी चोच मारण्याची काही आवश्यकता नसते. पुढल्याच वर्षी विल्यम्स दांपत्याने चोच मारताच दाणे रद्द होतील अशी व्यवस्था केली. तरीही कबुतरे चोच मारीतच राहिली. चोच मारणे हे तोवर साधक वर्तनाचे नमुनेदार उदाहरण समजले जात असे. ग्रंथी आणि स्नायू ही वाटणी येथे कोसळली.

तात्पर्य शरीराच्या अवयवावरून प्रकार ठरत नाही. कृतीने परिणाम बदलतो की नाही आणि तो बदलल्यावर कृती बदलते की नाही, हे पाहावे लागते. त्यातही दैनंदिन व्यवहारात दोन्ही धागे बहुधा एकत्र गुंफलेले असतात. १९४७ मध्ये मॉवरर याने भीतीविषयी हेच प्रतिपादन केले होते : भीती जडते ती पहिल्या प्रकाराने, आणि ती टाळण्याची कृती टिकते ती दुसऱ्या प्रकाराने. सुईच्या भयाने रडणाऱ्या मुलाला आई दवाखान्यातून तसेच परत घेऊन आली, तर पुढल्या खेपेचे रडणे दोन्ही प्रकारांचे असते.